पांढरं सलाईन घरी लावताना: कॅन्सरच्या लेकराचं टीपीएन आणि खान्देशातलं घर

आपल्याकडे लेकरू चार दिवस जेवलं नाही की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "एक ताकदीची बाटली लावून आणा." गावच्या दवाखान्यात लावतात ती बाटली बहुतेक वेळा पाच टक्के डेक्स्ट्रोजची असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर 25 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 85 कॅलरी. जळगावच्या माणसाला हे केळ्यात सांगितलं की लगेच कळतं: एका मध्यम केळ्यापेक्षाही कमी. पाणी मिळतं, ताकद नाही.

कॅन्सरच्या वॉर्डात खाटेशेजारी लटकलेली दुधासारखी पांढरी बॅग मात्र खरंच जेवण असते. तिच्यात घट्ट ग्लुकोज असतं, प्रथिनांसाठी अमिनो आम्लं असतात आणि तेलाचे अतिशय बारीक थेंब असतात, ज्यांनी ती पांढरी दिसते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, जीवनसत्त्वं, जस्त, तांबं, सेलेनियम हेही तिच्यातच. पोट आणि आतडी बाजूला ठेवून सगळं जेवण थेट रक्तात. याला टीपीएन म्हणतात. 1960च्या दशकात फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली डड्रिक या सर्जननी आधी कुत्र्याच्या पिल्लांवर आणि मग आतडी नसल्यात जमा असलेल्या एका तान्ह्या मुलीवर हे करून दाखवलं, तोवर शिरेतून पूर्ण जेवण देऊन लेकरू वाढवता येतं यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

मी मूळची अमळनेरची. मुंबईत लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर होते, आता जळगावात राहते आणि टीपीएन घेऊन घरी जाणाऱ्या कुटुंबांना हाताला धरून शिकवते. अशी कुटुंबं थोडी आहेत, कारण आपल्या देशात घरी टीपीएन अजून फार कमी दिलं जातं. पण ज्यांच्यावर ही वेळ येते त्यांना मराठीत कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख. तुमच्या टीमने दिलेल्या कागदात आणि माझ्या लेखात फरक आढळला तर कागद खरा धरा.

आधी विचारा: नळीने भागेल का?

घरी टीपीएनची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच करा. आतडी चालत असतील तर नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब कधीही बरी. ती स्वस्त असते, जंतूंचा धोका कमी असतो आणि आतडी कामात राहतात. नाकात नळी बघून आजी-आजोबांचा जीव कासावीस होतो, म्हणून काही घरं "नळी नको, सलाईनच लावा" असा हट्ट धरतात. तो हट्ट महागात पडतो.

टीपीएन लागतं ते आतडीच काम करेनाशी होतात तेव्हा. केमोने तोंडापासून खालपर्यंत आतलं अस्तर सोलवटून निघालेलं असतं, आतड्याला जबर सूज आलेली असते, गाठीमुळे किंवा ऑपरेशननंतर रस्ता बंद झालेला असतो, आतड्याचा मोठा तुकडा काढावा लागलेला असतो, किंवा बोनमॅरो बदलल्यावर नव्या पेशींनी आतड्यावरच हल्ला केलेला असतो. यातलं पुष्कळसं दोन-तीन आठवड्यांत निवळतं आणि तेवढ्यात दवाखान्यातच भागतं. ज्यांचं लांबतं पण बाकी तब्येत स्थिर आहे, त्यांच्यासाठीच घरचा विचार होतो.

टीपीएन घरी कधीच सुरू करत नाहीत. बरेच दिवस उपाशी असलेल्या अंगाला एकदम भरपूर जेवण मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदय गडबडू शकतं. म्हणून पहिले दिवस भरती राहून रोज रक्त तपासत बॅग हळूहळू वाढवतात. आकडे जागेवर बसले, बॅग ठरली, तुमचा हात बसला, मगच सुट्टी. "लवकर सोडा, घरी करू" अशी घाई कृपा करून करू नका.

ही लाइन म्हणजे हृदयाचं दार आहे

टीपीएन इतकं घट्ट असतं की हाताच्या साध्या शिरेत दिलं तर ती शीर जळते. म्हणून टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ठेवलेली लाइन लागते. ती तीनपैकी एक असते: छातीतून बाहेर लोंबणारी हिकमन, कातडीखाली डबीसारखा बसवलेला पोर्ट किंवा दंडातून टाकलेली पिक लाइन. पोर्टमध्ये वाकडी खास सुई टोचावी लागते आणि ती साधारण दर सात दिवसांनी बदलतात. पोर्टची सुई आणि लाइनचं ड्रेसिंग बदलणं सुरुवातीला सिस्टरकडेच ठेवा. पारदर्शक ड्रेसिंग आठवड्याने बदलतात, पण ते सुटलं, ओलं झालं किंवा खाली रक्त दिसलं तर त्याच दिवशी.

बाहेरचा जंतू लाइनच्या बाहेरच्या टोकावरच्या टोपणावरून आत गेला की मिनिटभरात हृदयात पोचतो, आणि केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी असलेल्या लेकराकडे त्याला अडवायला कोणी नसतं. पुढे जे जे सांगते आहे ते सगळं या दाराच्या राखणीसाठी आहे. कौशल्य फारसं लागत नाही. चौथी शिकलेल्या आयांनी हे माझ्यापेक्षा नीटनेटकं केलेलं मी पाहिलं आहे. लागतं ते रोज तेच, त्याच क्रमाने करणं. घात होतो तो तिसऱ्या आठवड्यात, हात सरावल्यावर.

आणखी एक. ही लाइन टीपीएनची. गावच्या दवाखान्यात "नस सापडत नाही, यातूनच देतो" असं कोणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा आणि आपल्या टीमला फोन लावून द्या. टीपीएनच्या नळीत दुसरं औषध मिसळलं तर आतल्या आत साका धरू शकतो. बॅगेतही घरी काही टोचायचं नाही. अपवाद फक्त टीमने शिकवलेल्या जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनचा.

घर आधी तयार करा

पाश्चात्त्य देशांतल्या सूचनांत खोलीचं तापमान म्हणजे पंचवीस अंश धरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि पत्र्याच्या घरात आत त्याहून भट्टी. त्यामुळे खान्देशात टीपीएनचं निम्मं काम म्हणजे थंडावा आणि लाइट सांभाळणं.

बॅगा दोन तऱ्हेच्या येतात. फार्मसीत लेकराच्या मापाने बनवलेली बॅग 2 ते 8 अंशांत, फ्रिजमध्येच ठेवायची. तीन कप्प्यांची तयार बॅग मिसळेपर्यंत फ्रिजबाहेर राहते, पण तिच्या वेष्टनावर बहुधा 25 अंशांची मर्यादा लिहिलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात ती मर्यादा सकाळी आठलाच ओलांडली जाते. तयार बॅग कपाटात ठेवायची की कुठे, हे उन्हाळ्याचं तापमान सांगून टीमलाच विचारा. "नॉर्मल टेम्परेचरला ठेवा" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

फ्रिजमध्ये मधला एक कप्पा फक्त बॅगांचा. दारात नाही, कारण तिथे गरम-थंड होत राहतं. बर्फाच्या कप्प्याला टेकून नाही, कारण एकदा गोठलेली बॅग वितळली तरी बाद. आत एक छोटा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. कैरी, दही, लग्नाच्या घरून आलेले लाडू हे सगळं दुसऱ्या कप्प्यात, किंवा शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये. खरंच सांगते, शेजारच्या फ्रिजची सोय पहिल्याच दिवशी बोलून ठेवा.

लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास तग धरतो. त्याहून जास्त जाईल असं दिसलं, (गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली असेल तर दोन दिवसही लागतात) तेव्हा आइसबॉक्स काढा. आइसपॅक टॉवेलात गुंडाळा, बॅग आणि आइसपॅक यांच्यामध्ये जाड कापड ठेवा. बॅग बर्फाला भिडली की गोठते. मुंबईहून बॅगा घेऊन येताना गाडीतही हीच रीत. सात-आठ तासांच्या प्रवासात खोका सीटखाली सरकवून झोपू नका, मध्ये एकदा हात घालून बघा.

पंपाला स्वतःची बॅटरी असते, पण ती किती तास चालते हे दवाखान्यातच प्लग काढून बघून घ्या. जुन्या पंपाची बॅटरी कागदावर आठ तास आणि प्रत्यक्षात दीड तास असू शकते. घरी इन्व्हर्टर असेल तर पंपाचं सॉकेट त्याच्यावर घ्या.

जोडणीसाठी एक कोपरा ठरवा. पुसता येईल असं टेबल, वर पाल फिरणार नाही असं छत, जवळ वाहतं पाणी. लाइन जोडताना-काढताना पंखा आणि कूलर बंद. कूलर धूळ आणि ओल दोन्ही फेकतो. बॅग चालू असताना लेकरासाठी कूलर लावा, पण झोत बॅगेवर आणि टोपणावर येऊ देऊ नका. त्या कोपऱ्यात मांजर, मोबाईल आणि चौकशीला आलेले पाहुणे, तिघांनाही बंदी.

रोजची संध्याकाळ

बॅग लावायच्या एक-दोन तास आधी फ्रिजमधून काढा. गार बॅगेने लेकराला हुडहुडी भरते आणि नळीत हवेचे बुडबुडे धरतात. पण घाई म्हणून गरम पाण्यात बुडवणं, उन्हात ठेवणं, चुलीजवळ टेकवणं, यातलं काहीही नाही. उन्हाळ्यात तासाभरापेक्षा आधी काढू नका.

मग बॅग हातात घेऊन नीट पाहा. नाव, तारीख, मुदत, गळती. वर नुसती पांढरट साय दिसली तर हलक्या हाताने वरखाली करा, मिसळून जाते. पण पिवळसर तेल सुटून तरंगत असेल, चिरे पडल्यासारखे दिसत असतील किंवा कण असतील तर ती बॅग वापरायची नाही. फेकूही नका, फोटो काढून टीमला पाठवा. एवढी महागडी बॅग वाया जाते म्हणून जीव तुटतो, पण ते तेल रक्तात जाऊ द्यायचं नाही.

जोडणीचा क्रम एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा:

1. अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवा. मास्क घाला, लेकराचं तोंड दुसरीकडे वळवा.
2. टेबल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या.
3. साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुवा: बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा. स्वच्छ कापडाने किंवा कागदाने टिपा, पदराला नाही.
4. निर्जंतुक कापड पसरा, सामान त्यावर उघडा, ग्लोव्ह्ज घाला.
5. बॅगेला नवी नळी आणि फिल्टर लावा, नळी भरून सगळी हवा काढा. तेल असलेल्या बॅगेला 1.2 मायक्रॉनचा फिल्टर लागतो. नळी आणि फिल्टर रोज नवे.
6. लाइनचं टोपण अल्कोहोल स्वॅबने किमान 15 सेकंद घासा. संत्र्याचा रस काढतात तसं पिळत घासा. मग वाळू द्या. फुंकर मारायची नाही.
7. 10 मिलीच्या सिरिंजने नॉर्मल सलाईन थांबत थांबत द्या, यालाच फ्लश म्हणतात. त्याहून लहान सिरिंज वापरू नका, तिचा दाब जास्त असतो, लाइन फुटू शकते. अडलं तर जोर लावायचा नाही, फोन लावायचा.
8. टोपण पुन्हा घासा, नळी जोडा, पंपावर आकडे घाला, क्लॅम्प (नळी दाबून बंद ठेवणारा चिमटा) उघडा, सुरू करा.

आठव्या पायरीतला "क्लॅम्प उघडा" मी स्वतः एकदा विसरले आहे, तेही एका घरी शिकवायला गेले असताना. पंपाने दोन मिनिटांत बोंब ठोकली आणि सात वर्षांची ती पोरगी खाटेवरून म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच चुकल्या." तेव्हापासून तिला मी क्लॅम्पची मुकादम केलं. रोज ती बोट लावून सांगायची आणि मगच बटण दाबायचं. लेकराला असं एखादं काम द्या, मग ते हात कमी झटकतं.

पंपाचे आकडे दोघांनी मिळून घालायचे. घरी शक्यतो बारा-चौदा तासांत बॅग संपवतात, म्हणजे लेकरू रात्री जेवतं आणि दिवसा मोकळं राहतं. सुरुवात आणि शेवट हळू असतो. समजा बॅग 1,040 मिलीची आणि वेळ 14 तासांची, तर पहिला तास 40, मधले 12 तास 80 आणि शेवटचा तास 40. हा फक्त नमुना, तुमचे आकडे टीम देईल. त्या पोरीचे वडील जिनिंगमध्ये कामाला, हात एवढे राकट की ग्लोव्ह्ज दोनदा फाटायचे. ते पंपावरचा आकडा एकेक करून मोठ्याने वाचायचे, "आठ, शून्य, टिंब, शून्य," आणि आई कागदावर बोट ठेवून तोच आकडा परत म्हणायची. पहिल्या रात्री मला म्हणाले, "ताई, माले भ्याव वाटस." मी म्हटलं, वाटू द्या, भ्याव आहे तोवर 80 चे 800 व्हायचे नाहीत.

बॅगेवर रंगीत पिशवी चढवा, उजेडाने जीवनसत्त्वं नासतात. नळी कपड्याखालून घेऊन एका जागी टेपने चिकटवा, म्हणजे झोपेत ओढ लाइनवर न येता टेपवर येईल. रात्री लघवी भरपूर होते, खाटेशेजारी भांडं ठेवा आणि अंथरूण ओलं झालं तर रागावू नका, लिटरभर पाणी आत जातंय. लावल्यापासून 24 तासांत बॅग संपो न संपो, काढून टाकायची. उरलेली दुसऱ्या दिवशी जोडायची नाही.

सकाळी काढताना

शेवटचा हळू तास का, तर रात्रभर साखर येत असताना अंग तेवढं इन्सुलिन तयार ठेवतं. बॅग फटकन तोडली तर इन्सुलिन मागे उरतं आणि साखर खाली कोसळते. घाम, थरथर, चिडचिड, सुस्ती दिसली तर लगेच ग्लुकोमीटर लावा. 70 च्या खाली असेल आणि तोंडाने द्यायला परवानगी असेल तर साखरपाणी पाजा आणि फोन करा. लेकरू गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा. रात्रीत पंप बंद पडला तरी हीच भीती, म्हणून तेव्हाही साखर तपासा आणि किती वेळ बंद होता ते फोनवर सांगा. राहिलेलं भरून काढायला वेग वाढवायचा नाही.

काढतानाही हात, घासणं, फ्लश, लॉक, क्लॅम्प हा क्रम तसाच. लॉक म्हणजे लाइन बंद होऊ नये म्हणून तिच्यात भरून ठेवायचं औषध; ते हेपरिन की दुसरं काही, हे टीम ठरवते. सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात जमवून दवाखान्यात परत द्या. घंटागाडीत किंवा उकिरड्यावर नाही, तिथे कोणाचं तरी लेकरू खेळतं.

ताप

या एका गोष्टीवर मी जरा कडक बोलते. लाइन असलेल्या लेकराला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे तातडी. बॅग किंवा फ्लश सुरू केल्यावर तासाभरात थंडी वाजून थरथर आली तर ताप मोजण्याचीही वाट बघू नका. चालू बॅग थांबवा, क्लॅम्प लावा, टीमला फोन लावतच निघा. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं असं जगभर मानतात. लाइनमधून रक्ताचा नमुना घेऊन लगेच पहिला डोस. रिपोर्टची वाट नाही.

चोपड्याकडच्या एका घरात रात्री अकराला 101 ताप आला. घरात पॅरासिटामॉलचं सिरप होतं, ते दिलं, ताप उतरला, सगळे झोपले. जंतू मात्र झोपले नव्हते. सकाळी लेकरू गार पडलेलं, नाडी धावत होती. नऊ दिवस आयसीयूत काढून ते परत आलं, पण लाइन गेली. आईची चूक नव्हती. साध्या लेकराच्या तापाला आपण सगळे तेच करतो. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम ज्यांचं होतं त्यात मीही होते.

म्हणून घरी जाण्याआधीच एक पत्र मागून घ्या: आजार, लाइन कोणती, शेवटची केमो कधी, ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक, कोणाला फोन. त्याच्या चार प्रती काढा. एक घेऊन जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात, नाहीतर जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे लेकरू बरं असतानाच जाऊन भेटून या. रात्री दोनला अनोळखी लेकरू आणि अनोळखी लाइन बघून कोणीही बिचकतं. 108 ची रुग्णवाहिका कुठून आणि किती वेळात येते ते विचारून ठेवा, आणि गल्लीतल्या एका गाडीवाल्या भावाला सांगून ठेवा.

धडगाव-मोलगीकडून नंदुरबारला उतरायलाच दोन-अडीच तास जातात. अशा ठिकाणी घरी टीपीएन नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढे आठवडे जळगाव-धुळ्यात नातेवाइकांकडे किंवा मुंबईत उपचाराच्या गावीच राहा. सेंट ज्यूड्ससारख्या संस्था मुंबईत उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांची मोफत राहण्याची सोय करतात. नाव लागतं ते दवाखान्यातल्या समाजसेवकामार्फत.

ताप काखेत किंवा तोंडात मोजा. गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही, औषधही नाही.

बाकीची संकटं क्वचित येतात, पण पाठ असू द्या. लाइन फुटली, तुटली तर फुटलेली जागा आणि अंग यांच्यामध्ये दुमडून चिमटीत धरा, बिनदाती क्लॅम्प लावा. तो क्लॅम्प कायम लेकराच्या जवळ, शाळेच्या दप्तरात जावा तसा. टोपण निघून हवा आत गेली आणि दम लागला, छातीत दुखलं तर लाइन बंद करा, डाव्या कुशीवर झोपवा, डोकं खाली, आणि 108. मान, दंड किंवा चेहरा सुजला, लाइनभोवती लाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

वही

शंभर पानी वही घ्या. रोज सकाळी त्याच काट्यावर, त्याच कपड्यात वजन. एका दिवसात किलोभर वाढलं तर ते मांस नाही, पाणी आहे, लगेच कळवा. ताप दोनदा, साखर सांगितलेल्या वेळी, लघवी-शी-उलटी अंदाजाने. रक्ताच्या तपासण्या सुरुवातीला आठवड्याला असतात: क्षार, लिव्हर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी). रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना ॲस्परॅजिनेज हे केमोचं औषध आणि स्टिरॉइड चालू असेल तर ट्रायग्लिसराइड आणि साखर दोन्ही चढू शकतात, मग बॅगेतलं तेल-साखर कमी करावी लागते. म्हणून केमोची तारीख टीपीएन बघणाऱ्यांना आणि बॅगेचा बदल केमोवाल्यांना तुम्हीच सांगा. दोन्ही खिडक्या एकाच इमारतीत असल्या तरी निरोप तुमच्या वहीतून जातो. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर तेही लिहा. महिनोन्महिने टीपीएन चाललं की लिव्हर थकतं.

पैसे

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची पॅकेजं मुख्यतः भरती रुग्णासाठी बांधलेली आहेत. घरच्या बॅगा, नळ्या, फिल्टर, पंपाचं भाडं यातलं काय बसतं ते सुट्टीच्या आधीच आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. उरलेल्यासाठी समाजसेवक, मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय संस्था. कॅन्सरच्या मुलांच्या आहारावरच काम करणारी कडल्स फाउंडेशन अनेक दवाखान्यांत आहारतज्ज्ञ पुरवते, तुमच्या वॉर्डात आहे का विचारा. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत, सोबत्याला 75 टक्के. फॉर्मवर दवाखान्याची सही-शिक्का लागतो.

ताटावर बसवा

डॉक्टरांनी तोंडाने पूर्ण बंदी केली नसेल तर थोडं थोडं चालू ठेवा. दोन चमचे मुगाच्या खिचडीचं पाणी आतड्याला कामाची आठवण देतं आणि लिव्हरलाही बरं. ताजं, शिजवलेलं, गरम. उघड्यावरचा उसाचा रस आणि बर्फाचा गोळा नाही. आखाजीला घरात आमरस-पुरणपोळी असते आणि लेकरू कोपऱ्यात नळी लावून बघत बसतं, हे बघवत नाही, म्हणून काही घरं त्या दिवशी चोरून चाटवतात. चोरून नको, आदल्या दिवशी फोन करून विचारा. पुष्कळदा "घरी काढलेला, एक चमचा" अशी परवानगी मिळतेही. खाता येत नसलं तरी सगळ्यांबरोबर ताटावर बसवा. भरिताचा धूर, भाकरी थापल्याचा आवाज, यानेच एखाद दिवशी "मला पण" निघतं.

तोंडाचं खाणं किंवा नळीचं दूध वाढलं की टीम बॅग आधी छोटी करते, मग आठवड्यातल्या रात्री कमी करते. वजन टिकलं की बंद. बॅग बंद झाली तरी लाइन राहते आणि फ्लशही: हिकमनला साधारण आठवड्याला, पोर्टला साधारण चार आठवड्यांनी, तुमच्या कागदावर असेल तसं. जिनिंगवाल्या त्या घरी भिंतीवरचा पुठ्ठा उतरवला, पण कालनिर्णयवर फ्लशच्या तारखांना पोरीनेच लाल गोल केले होते, आणि प्रत्येक गोलाखाली लिहिलं होतं: क्लॅम्प.